काडीतला काळा दोरा

शनिवारी सकाळी रामदासच्या हरभऱ्यात सगळी वाडी गोळा झाली होती, आणि पाचही झाडं मेलेली होती.

ती पाच झाडं करणी उतरवणाऱ्या धर्माजी बाबानं गुरुवारी स्वतः निवडली होती. चांगली हिरवी, तरणीताठी. त्यानं एकेकाला काठी टेकवली, बुडाशी लाल चिंधी बांधली आणि बजावलं, "ही काय शनिवार बघत न्हाईत." आता चिंध्या तशाच लाल होत्या आणि झाडांनी माना टाकल्या होत्या.

"बोललो व्हतो का न्हाई?" बाबा गरजला.

"बोलला व्हता, महाराज!"

बाबानं त्यातलं एक झाड मुळासकट उपटलं. झोळीतून दाढीचं ब्लेड काढलं आणि मुळापासून वरपर्यंत काडी उभी चिरली. दोन फाकी उघडून लोकांसमोर धरल्या. आत मधोमध काळपट रेघ होती, पेन्सिलीनं ओढावी तशी.

"ह्यो करणीचा दोरा! झाड चिरल्याबिगर आत दोरा कसा घालायचा? हाय कुणाला ठावं? कुणी शिकल्यालं आसंल तर फुडं या!"

शिकलेले होते. एकजण बारावी होता, एकजण तलाठ्याच्या हाताखाली काम करून आलेला. दोघेही चपलेच्या अंगठ्याकडं बघू लागले. बाबानं आणखी चार काड्या चिरल्या. चारीत रेघ. बायांनी पदर तोंडाला लावला.

मी गेणभाऊ. वय पंच्याहत्तरच्या पुढं, मोजणं सोडलं. आमची बोरमाळ वाडी आणे पठारावर आहे. तिथं वारा असा, की कोंबडी इथं बसते आणि अंडं शेजारच्या तालुक्यात पडतं. म्हणजे असं मी सांगतो. अशा थापा मारण्यातच माझा जन्म गेला. मारुतीच्या पारावर बसायचं, काहीतरी सोडून द्यायचं, लोकांनी हसायचं. त्यातलीच एक थाप पुढं माझ्याच नरड्याला लागली. पण आधी हरभऱ्याचं सांगतो.

पाऊस धरून ठेवायला आमच्याकडं धरण नाही, कालवा नाही. जमिनीत जेवढी ओल राहील तेवढ्यावर हरभरा. गेली पाच वर्षं भाव बरा म्हणून वाडीनं त्याच रानात हरभऱ्यावर हरभरा घेतला. दरवर्षी कुठंतरी घोंगडीएवढा चट्टा वाळायचा. ह्या वर्षी चट्ट्याला चट्टा मिळाला. लोकांनी दुकानातून औषध आणलं, फवारलं. दुसरं आणलं, फवारलं. तिसऱ्यांदा फवारल्यावरही झाडं मरत राहिली. मग रामदासच म्हणाला, "ह्यो रोग न्हाई राव. रोग आसता तर औषधानं गेला आसता." हे वाक्य एवढं शहाणपणाचं वाटलं, की दोन दिवसांत ते सगळ्यांच्या तोंडी झालं. आणि तिसऱ्या दिवशी बाबा उगवला.

चमत्कार बघून झाल्यावर बाबानं उतारा सांगितला. प्रत्येक घरानं आपल्या रानातली ओंजळभर माती आणायची. मारुतीपुढं सगळ्यांच्या मातीचा एक ढीग लागला. बाबा त्याभोवती एका पायावर नाचला. मंत्र असा: "ओम् ऱ्हीं फट्, हिकडचं तिकडं, तिकडचं हिकडं, फट्!" मी तेव्हा मिशीत हसलो. महिन्यानं कळलं, की अख्ख्या मंत्रात 'हिकडचं तिकडं' एवढंच खरं होतं. ढीग कालवला आणि प्रत्येकानं ती भारलेली माती मूठमूठ नेऊन आपापल्या रानाच्या चार कोपऱ्यांत टाकली. मीही टाकली. खोटं कशाला बोलू?

मग बाबानं डोळे मिटून विचारलं, "समद्यांचं मरतंय. ज्याचं मरत न्हाई, आसं कोन हाय?"

मग मागून एक बाई म्हणाली, "कोंडाबाईचं हिरवं हाय."

कोंडाबाई साठीची विधवा. ओढ्याच्या कडेला दीड एकर, घरात एकटी. तिच्या हरभऱ्याला खरंच धक्का नव्हता.

"कोन ती? तिच्या घरात आदी कुनी काय करत व्हतं?"

आणि रामदास म्हणाला, "तिची सासू सुपात पाऊस पाखडायची. फोलपटं गावाला, पानी सोताच्या रानाला. गेणभाऊच सांगत्यात की."

ती माझी थाप होती! पंधरा-वीस वर्षांपूर्वी, पारावर, चहाच्या कपाबरोबर सोडलेली. मी ओरडलो, "आरं, ती गंमत व्हती!"

"आता भ्याला म्हातारा," बाबा म्हणाला. "भ्याल्यावर मानूस खरं लपवतंय."

त्यानं मुदत दिली. पौषातल्या पौर्णिमेला कोंडाबाईनं चारचौघांत कबुली द्यायची आणि वाडी सोडायची. नाही सोडली तर पुढच्या साली जित्राबं मरतील, त्याच्या पुढच्या साली पोरं. पोरांचं नाव काढल्यावर कोण बोलणार?

गिरणीवाल्यानं कोंडाबाईचं दळण न दळता परत केलं. नळावर तिची कळशी उचलून बाजूला ठेवली गेली, एकदा नाही, रोज. तिच्या दारावरून जाताना आया लेकरांना पदराखाली घेऊ लागल्या. दिवसाढवळ्या तिच्या पत्र्यावर दगड पडला. टाकणारा कोण ते मी बघितलं. त्याच्या बारशाला तिनंच घुगऱ्या शिजवल्या होत्या.

चौथ्या दिवशी मी तिच्या रानात गेलो. ती वाकून काहीतरी करत होती. मला वाटलं खुरपतेय. जवळ गेलो तर ती आपला हिरवागार हरभरा उपटत होती. दोन ओळी उपटून झाल्या होत्या.

"कोंडाबाई! आगं, काय करतीस?"

"हिरवं ऱ्हायलं ह्योच गुन्हा ना भाऊ? मग घ्या. माजंबी मरू द्या. समद्यांसारकं झालं म्हंजे तरी पानी भरू देतील."

"आगं पर—"

"तुमी बोलू नगा." ती न थांबता उपटत होती. "माजी सासू. जलमभर दुसऱ्याच्या बांधावर राबली. सूप उचलायचं तर हात थरथरायचं तिचं. तिला तुमी पाऊस पाखडाया लावला. मीबी हसले व्हते तवा. हसले की नाय?"

मी तिच्या हाताला धरून तिला बांधावर बसवलं आणि तडक शाळेत गेलो.

शाळेत वैजयंतीबाई होत्या. रोज आळेफाट्याहून स्कूटीवर येणाऱ्या, चौथीपर्यंतच्या चारी वर्गांना एकट्या शिकवणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि फोन हातात घेतला.

"गेणभाऊ, कुणावर चेटकाचा आरोप करणं हा कायद्यानं गुन्हा आहे. मी आत्ता पोलिसांना बोलावते."

"बोलवा. बाबाला न्हेतील. पर त्यो काळा दोरा लोकांच्या डोक्यात तसाच ऱ्हाईल, बाई. कोंडाबाईला हितंच जगायचंय."

त्यांनी फोन खाली ठेवला, पण बंद केला नाही. "ठीक. पण तिच्या अंगाला कुणी बोट लावलं तर त्याच मिनिटाला लावीन." मग म्हणाल्या, "मला वाटतं हे मातीतून येतंय. पण सांगून कुणी ऐकणार नाही. दाखवावं लागेल. तुमचा तो बाबा सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडानं बांधला गेला पाहिजे. जमेल?"

आता हे काम माझ्या जातकुळीचं होतं.

पुढच्या गुरुवारी मारुतीपुढं गर्दी असताना मी बाबाच्या पायावर डोकं ठेवलं. "म्हाराज, चुकलो. पर ह्या मास्तरीणबाई काय म्हनत्यात बघा! म्हनत्यात, माती आगीवर भाजली की करणी जाती."

बाबा खो खो हसला. "आगीनं? करणी काय भाकर हाय का भाजाया? करणी मालकाच्या नावावर आसती!"

"ह्येच मी म्हनलं! म्हंजे डब्यात रामदासची माती भाजून घातली, वर रामदासचं नाव लिवलं, तरी झाडं मरनार?"

"मरनार!"

"आन त्याच भाजल्याल्या मातीत तुमची भारल्याली मूठ टाकली, तर?"

"डोलतील!"

"ऐकलं का रं समद्यांनी? म्हाराजांच्या शब्दावर संशय घेनाऱ्या बाईला एकदा दाखवूनच देऊ!"

लोकांनी टाळ्या पिटल्या. बाबाच्या कपाळावर एक आठी आली खरी. पण चाळीस घरांच्या टाळ्यांत माघार घेणार कोण?

वैजयंतीबाईंनी तेलाचे तीन रिकामे डबे धुऊन, उकळतं पाणी ओतून ठेवले होते. रामदासच्या मेलेल्या चट्ट्यातली माती सगळ्यांसमोर खणली. पहिल्या डब्यात ती तशीच. उरलेली घमेल्यात घालून, पाणी शिंपडत, चुलीवर तासभर वाफ येईपर्यंत भाजली आणि गार करून दुसऱ्या डब्यात भरली. तिसऱ्यातही तीच भाजलेली, वर बाबाच्या भारलेल्या मातीची एक मूठ, बाबाच्याच हातानं. प्रत्येकात दहा दाणे, रामदासच्याच पोत्यातले. एकेक झाड मेलं तर योगायोग म्हणता येतो, म्हणून दहा, असं बाई म्हणाल्या. तिन्ही डब्यांवर खडूनं 'रामदास' लिहिलं. शाळेच्या ओट्याला जाळीचा पिंजरा आहे, त्यात डबे ठेवून कुलूप लावलं. किल्ली रामदासकडं. पाणी घालायचं त्यानंच, प्रत्येक डब्याला वेगळ्या तांब्यानं.

मग महिनाभर वाट बघणं. असा महिना वैऱ्यालाही नको. ज्यांच्या रानात एखाद-दुसराच चट्टा होता, त्यांचीही रानं आता मरू लागली, आणि तीही कोपऱ्यांतून. जिथं भारलेली माती टाकली होती नेमकी तिथून. माझ्या रानाचा ओढ्याकडचा कोपरा पिवळा पडला तेव्हा मला पहिल्यांदा त्या मुठीचाच संशय आला. बाबा म्हणाला, "करणी जोर करतीय. आजून माती न्या." लोकांनी आणखी नेली. बुडणाऱ्याला कुणी दगड दिला तरी तो धरतो.

कोंडाबाई ओढ्यात झरा उकरून पाणी भरत होती आणि जात्यावर दळत होती. मी तिला म्हणायचो, पौर्णिमेपर्यंत कळ काढ. ती म्हणायची, "तुमची थाप खरी ठरली तवा वाडीला येक दिस लागला. खरं खरं ठराया महिना लागतोय व्हय?"

पौर्णिमेला सकाळीच शाळेपुढं मैदान भरलं. कोंडाबाई गाठोडं घेऊनच आली. "दावा नायतर नका दावू," ती म्हणाली. "नवाच्या एस्टीनं मी कळंबला भनीकडं चालले. कबुली काय देनार न्हाई."

रामदासनं कुलूप काढलं. त्याचा चेहरा राखेसारखा होता; रोज पाणी घालणाऱ्याला काय दिसत होतं ते त्यालाच ठाऊक. त्यानं एकेक डबा ओट्यावर मांडला.

पहिल्या डब्यात दहातली आठ मेलेली.

दुसऱ्या, भाजलेल्या मातीच्या डब्यात नऊ उगवली होती आणि नऊच्या नऊ हिरवी होती.

तिसऱ्या डब्यात, बाबाची मूठ पडलेल्या, सहा झाडं आडवी. सातवं त्याच वाटेवर.

मीच मोठ्यानं म्हणालो, "म्हाराज, जे मरनार ते जगलं. जे डोलनार ते झोपलं. आता वो?"

"हिनंच केलं!" बाबानं काठी कोंडाबाईवर रोखली. "येऊन हात लावून गेली!"

"किल्ली माज्या करगोट्याला व्हती, म्हाराज," रामदास म्हणाला. अगदी हळू. "आंगुळ करतानाबी काढली न्हाई."

त्यानं तिसऱ्या डब्यातलं एक झाड उपटलं. बाबाच्या झोळीत हात घालून ब्लेड काढलं आणि काडी चिरली. काळी रेघ. मग दुसऱ्या डब्यातलं हिरवं उपटून चिरलं. आत स्वच्छ, पांढरट हिरवं.

"माज्या नावानं मरायचं तर ह्ये का जगलं? ह्यो दोरा तुमच्या मुठीतनं आलाय." त्यानं बाबाची बखोट धरली. "ती पाच झाडं मरनार हे तुला कसं ठावं व्हतं? बोल!"

बाबाचा आवाज एका क्षणात माणसाचा झाला. "सोड भाऊ. सांगतो. बी-बियानाच्या दुकानात व्हतो कामाला. लोक मेल्याली झाडं घिऊन यायचं. मालक काडी चिरून बघायचा, रेघ दिसली की म्हनायचा, मर रोग लागलाय. मर चट्ट्याच्या कडंनं पसरती. कडंच्या झाडांची खालची पानं जराशी मलूल दिसली की ती दोन-तीन दिसात जात्यात. तसली बघून चिंध्या बांधल्या. पर आईशप्पत, मातीनं पसरती ह्ये मला ठावं नव्हतं!"

माझा त्या शपथेवर विश्वास बसला. त्याला अर्धंच येत होतं. अर्ध्यावर अख्खी वाडी मारली त्यानं.

मग वैजयंतीबाई उठल्या. "ही रेघ म्हणजे झाडाची पाण्याची नळी. मातीतली बुरशी मुळातून आत शिरते आणि ती नळी कोंडते. कोंडलेली नळी काळी पडते. खाली ओल असून झाड तहानेनं मरतं. दोरा कुणी घातला नाही; तो आतच तयार होतो. तुम्ही औषध पानांवर मारलं आणि रोग जमिनीत बसला होता, म्हणून गेला नाही. आणि मारुतीपुढं आजारी माती चांगल्या मातीत कालवलीत, घरोघर वाटलीत."

एका म्हातारीनं तोंडात पदर कोंबला. कुणीतरी विचारलं, "मग कोंडाबाईचं कसं काय वाचलं?"

बाई सांगणार, तेवढ्यात कोंडाबाईच बोलली.

"तुमी मला सावडीत घेत न्हाई म्हनून."

आमच्याकडं पेरणी सावडीनं होते. तुझे बैल माझ्या रानात, माझी माणसं तुझ्या रानात. बी पेरायची एकच पाभर वाडीभर फिरते. नवरा गेल्यावर कोंडाबाईकडं ना बैलजोडी ना गडी, म्हणून सहा वर्षं तिला कुणी सावडीत धरली नव्हती.

"तुमच्या पाभरीच्या दात्याला चिकटल्याली माती ह्या रानातनं त्या रानात गेली," ती म्हणाली. "माज्या रानात तुमची पाभर आली न्हाई, बैल आलं न्हाईत, पायबी आलं न्हाईत. मी हातानं बी टोकते. आन एकटीला भाकरीला जवारी लागती, म्हनून दोन साल जवारी, मग हरभरा. दुसरी काय जादू न्हाई माज्याकडं."

मी ओट्यावर चढलो. म्हणालो, सूप आणि पावसाची गोष्ट मी रचली होती, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. खालून रामदास म्हणाला, "ठावं व्हतं, गेणभाऊ. समद्यांनाच ठावं व्हतं." मला त्याचंच जास्त भय वाटलं. थाप आहे हे ठाऊक असून तिचा पुरावा केला होता आम्ही.

बाईंनी मग फोन लावलाच. पोलिसांची गाडी बाबाला घेऊन गेली.

त्या सालचा हरभरा गेला तो गेलाच; मेलेलं झाड उठवणारं औषध नाही, हे बाईंनी तोंडावर सांगितलं. मेलेली झाडं उपटून बांधावर जाळली. उकिरड्यात टाकली नाहीत, गुरांपुढं घातली नाहीत. नाहीतर खतातून रोग परत रानात जातो. वैशाखात रानं खोल नांगरून उन्हात तापत टाकली. घमेल्यात जे केलं तेच, फक्त चूल आभाळातली. आता तीन-चार वर्षं त्या रानांत ज्वारी-बाजरी. पुढं हरभरा घेऊ तेव्हा मर सोसणारं वाण, ऑक्टोबरचं ऊन उतरल्यावर पेरणी, आणि बियाला ट्रायकोडर्मा चोळायची. तीही बुरशीच, पण ह्या बुरशीला खाणारी; मुरलेल्या शेणखतात कालवून रानातही टाकतात. पाभर एका रानातून दुसऱ्यात जाताना धुतात. यात मंत्र कुठंच नाही, आणि जहाल औषधही नाही.

पण त्या सकाळचं राहिलं. रामदास कोंडाबाईसमोर हात जोडून उभा राहिला. "काकू, चुकलो." ती म्हणाली, "तुजं रान चार सालानं बरं व्हईल, रामदास. माजं मला ठावं न्हाई." नवाची एस्टी आली, दोनदा हॉर्न वाजवला आणि निघून गेली. कोंडाबाई तिच्यात बसली नाही. ती गाठोडं उचलून घरी गेली, आणि आतून कडी लावलेली आम्ही सगळ्यांनी ऐकली.

म्हणून आयुष्यभर खोटं सांगितलेला मी तुम्हाला हे एक खरं सांगतो. रानात काही मेलं तर आधी मूळ उपटून बघा. बघून कळलं नाही तर शाळेत जा, शेतीच्या कॉलेजात जा, दोन-तीन डबे मांडून स्वतः करून बघा, महिना थांबा. कुठंही जा. पण एखाद्या बाईच्या दारात जाऊ नका.